हाताची दृष्ट

जयपुरात थंडी आली हे मला अंगाच्या आधी दुकानांवरून कळतं. वैशाली नगरच्या आमच्या चौकातला मोबाईलची कव्हरं विकणारा माणूस एके सकाळी अर्ध्या दुकानात पतंग लटकवतो. शेजारी गजकची, म्हणजे इथल्या तिळपट्टीची, गाडी उभी राहते. शेंगावाला ढिगाच्या मधोमध निखाऱ्याचं मडकं रोवून बसतो. स्कूटरवाले गळ्याला मफलर गुंडाळायला लागतात, काही थंडीसाठी आणि काही मांजाच्या भीतीने. बँकेने माझी इथे बदली केली तेव्हा मी वैतागले होते, पण या ऋतूने मला जिंकून घेतलं होतं. सांगलीत मोठी झालेल्या बाईला थंडी म्हणजे फार तर शाल. रजईत शिरून तिळपट्टी खाण्याचं सुख मला या गावाने दिलं. यंदा मात्र चौकात पहिला पतंग दिसला आणि मी मान खाली घालून पुढे निघाले. गजकवाल्याने नेहमीप्रमाणे चव बघायला तुकडा पुढे केला, तो मी हातात धरून तशीच घरी आले.

गेल्या वर्षी याच दिवसांत ती फिल्म आली होती.

फिल्म म्हणजे माहितीपट, हथौडा नावाच्या एका फायटरवरचा. हथौडा हे काही त्याचं बारशातलं नाव नव्हे, त्याच्या उजव्या हाताला लोकांनी दिलेलं नाव ते, आणि पुढे सबंध माणसालाच चिकटलेलं. तो ज्या खेळात होता त्यात मुष्टियुद्ध, कुस्ती, लाथा, गळा आवळणं असं सगळं एका जाळीच्या पिंजऱ्यात चालतं. आमची मिसळ असते तसा प्रकार, फक्त वरून फरसाणाऐवजी रक्त. हा माणूस हरत नसे. बोलायलाही उर्मट होता. त्याच्या बायकोने त्याच्याविरुद्ध मारहाणीची तक्रार केली आणि नंतर ती मागे घेतली. तेव्हापासून देशात दोन तट पडले होते. एक म्हणे शेर आहे, दुसरा म्हणे जनावर आहे. शेरही जनावरच, हे दोन्ही बाजूंच्या लक्षात आलेलं नव्हतं.

आमच्या घरात शेराची बाजू होती, आणि ती लावून धरणारा आमचा एकुलता एक मुलगा निनाद.

खोटं कशाला बोलू, मीसुद्धा त्या माणसाचे उपकार मानत असे. आम्ही शास्त्री नगरमध्ये भाड्याने राहायचो तेव्हा निनाद शाळेतून मुका होऊन यायचा. किडकिडीत अंग, हिंदी बोलताना मराठी हेल, डब्यात थालीपीठ. पोरांनी त्याचं डोकं नळाखाली धरलं होतं, हे मला शिक्षिकेने सांगितलं. त्याने स्वतः कधीच सांगितलं नाही. मग कुठून तरी त्याला हथौडाच्या लढती बघायचा नाद लागला. हथौडाची आई आपल्याकडची आहे, हे निनादने शोधून काढलं. वडील फौजेत होते, त्यामुळे सगळं बालपण उत्तरेतल्या छावण्यांमध्ये गेलं; सगळे त्याला हरियाणवी समजतात, पण आई मराठी. "आई, तो पण आपल्यासारखाच आहे, मतलब बाहेरचा," असं निनाद मला म्हणाला होता. तो ताठ चालायला लागला. घरात बोलायला लागला. तळघरातल्या एका जिममध्ये नाव घातलं, आणि पोरांनी पुन्हा त्याचं डोकं कुठे धरल्याचं ऐकू आलं नाही. आईला आणखी काय हवं असतं?

परदेशातल्या मोठ्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात. हिवाळ्यातल्या त्या सकाळी मला अजून आठवतात. बाहेर धुकं, खिडकीच्या काचा ओल्या, आणि आम्ही तिघं एका रजईत. सुधीर, म्हणजे माझा नवरा, विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. तो कोण जिंकेल याच्या शक्यता मांडायचा आणि हमखास चुकायचा. मी रक्त आलं की डोळे मिटून घ्यायची. निनाद मला समजावून सांगायचा. त्या सगळ्या हाणामारीत मला एकच गोष्ट मनापासून आवडली होती. एखादा अडकला, हात पिरगाळला गेला, श्वास कोंडला, की त्याने तळहाताने समोरच्याला थोपटायचं. टॅप करणं म्हणतात त्याला. थोपटलं की संपलं. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं, मग तो कितीही रागात असो. इतक्या रानटी खेळात इतका सभ्य नियम असेल असं मला वाटलं नव्हतं. "घराघरांत हा नियम पाहिजे," असं मी एकदा म्हटल्याचं आठवतं. सुधीर हसला होता.

तर ती फिल्म. रविवारची दुपार होती. मी मटार सोलत बसले होते. इथे थंडीत मटार इतका गोड मिळतो की निम्मा सोलता सोलताच संपतो. पडद्यावर हथौडाच्या मोठ्या लढतीची आदली संध्याकाळ चालली होती. घरात फिल्मवाल्यांची गर्दी, दिवे, वायरी. आणि मग स्वयंपाकघरातून त्याची आई आली. बारकीशी बाई, डोक्यावर पदर, मुठीत मीठमोहरी आणि लाल मिरच्या. मुलगा खुर्चीवर बसला होता. ती त्याची दृष्ट काढायला लागली.

आमच्याकडे दृष्ट डोक्यावरून पायापर्यंत काढतात. ही बाई त्याच्या डोक्यापर्यंत गेलीच नाही. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, आणि ती वाकून फक्त त्या हातांवरून मूठ फिरवत राहिली. ओठ हलत होते. दृष्ट काढताना कुणी मोठ्याने बोलत नाही, पण माईक जवळ असावा. वर व्हायोलिनं वाजत होती आणि त्यांच्याखालून मला माझ्या मावशीची बोली ऐकू आली. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"निनाद, मागे घे जरा."

त्याने आनंदाने मागे घेतलं. आईलाही भरून आलं, असं त्याला वाटलं असणार. मी पुन्हा घ्यायला लावलं. बाई आधी नेहमीचंच म्हणत होती, आल्यागेल्याची, वाटंवरच्याची, इडापिडा टळू दे. आणि मग म्हणत होती, "ह्या हातातलं जाऊ दे रं देवा. माझ्यावर पडला त्यो पडला, सुनंवर नगं पडाय."

मग तिने मिरच्या शेगडीवर टाकल्या आणि सगळे फिल्मवाले खोकायला लागले. कॅमेरा हलला, कुणीतरी हसलं, हथौडाही हसला. बाई हसली नाही. ती शेगडीकडे बघत राहिली होती, आणि मग चित्र बदललं.

मी निनादला सांगितलं, ती काय म्हणाली ते. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले.

"आई, खाली लिहिलंय ना. 'माँ दुआ कर रही है.'"

"लिहिलंय. पण ती तसं म्हणत नाही."

"तुला कसं कळलं? मतलब, म्युझिक आहे त्यावर. मला तर एक शब्द नाही समजला, आणि मराठी मला पण येतं."

त्याला माझं मराठी येतं, बँकेतलं, धुतलेलं. ती बोली मी नोकरीला लागल्यावर हळूहळू सोडली आणि त्याच्या कानावर कधी पडूच दिली नाही. मी सुधीरकडे पाहिलं. तो पुण्याचा, त्यामुळे आमच्याकडचं मराठी त्याला अर्धंच कळतं आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल तो शांत राहतो. "असेलही," तो म्हणाला. "नसेलही." संख्याशास्त्रवाल्याशी लग्न केलं की एवढंच मिळतं.

निनाद इंटरनेटवर हथौडाच्या चाहत्यांचं एक पान चालवायचा. सीतापुऱ्यात कपडे निर्यात करणाऱ्या एका कंपनीत त्याची नोकरी होती, पण जीव त्या पानात होता. त्याने तो प्रसंग कापून घेतला, हळू केला, वर ढोल चढवला. मूठ हातांवरून फिरते, मिरच्या तडतडतात, आणि लगेच तोच हात समोरच्याच्या जबड्यावर बसतो. त्याने तो टाकला आणि बघता बघता तो सगळीकडे पोचला. बँकेतल्या शिपायाने मला माझ्याच मुलाचं काम स्वतःच्या फोनवर दाखवलं. "देखिए मैडमजी, माँ का आशीर्वाद," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

त्याखाली लोक लिहीत होते ते मी वाचत बसायची. न वाचून चालत नव्हतं. दुखणाऱ्या दातावरून जीभ हटत नाही. रोंगटे खड़े हो गए. माँ के हाथ की ताकत. अब समझ आया ये हथौड़ा बना कैसे. एकाने लिहिलं होतं, मेरी माँ नहीं है, आज रो दिया. त्याला मी काय म्हणणार? मग त्या बायकोवर घसरलेले. फिल्ममध्ये ती एकदाच दिसते, गच्चीवर कपडे वाळत घालताना, तीही पाठमोरी. तेवढ्या पाठीवरून लोकांनी तिचं चारित्र्य ओळखलं होतं. पैशासाठी केलं, म्हणे. अशी सासू मिळूनही नीट राहता आलं नाही, म्हणे. विरोधकही काही कमी नव्हते. फिल्म पैसे देऊन बनवून घेतली असं म्हणणारे, त्याच्या जातीवर जाणारे, त्याच्या आईलाही न सोडणारे. इतके लोक त्या बाईकडे बघत होते, आणि ती काय म्हणतेय हे विचारणारा त्यात कुणी नव्हता.

मग मीच लिहिलं. निनादच्याच पानावर, त्याच व्हिडिओखाली, साध्या हिंदीत. मी सांगलीची आहे, ही भाषा माझी आहे, आई असं असं म्हणतेय. चहा होईपर्यंत उत्तरं आली. आंटीजी, रसोई संभालिए. कितने में बिकी आंटी? एका मराठी आडनावाच्या पोराने लिहिलं की त्याला मराठी येतं आणि बाई असं काही बोलत नाही. चहा ओतून पुन्हा पाहिलं तर माझं लिहिलेलं दिसेना. निनाद दारात उभा होता, हातात फोन.

"मी काढलं," तो म्हणाला. "आई, प्लीज. लोक तुला शिव्या देत होते. मला नाही बघवलं."

"शिव्यांसाठी काढलंस का?"

त्याने फोन पालथा केला. मग म्हणाला, "हथौडाभाईच्या अकॅडमीतून फोन आला होता. भाईने स्वतः बघितला व्हिडिओ. बोलवलंय मला. राहायला, ट्रेनिंगला. आई, तुला समजतंय का, हे लाइफमध्ये एकदाच होतं."

मला समजत होतं. ज्या हातांपासून आपल्या सुनेला वाचव म्हणून एक आई देवाला विनवत होती, त्या हातांखाली माझा मुलगा शिकायला निघाला होता, आणि त्याचं तिकीट काढून दिलं होतं तिच्याच त्या विनवणीने. रागावू की रडू ते कळेना. मी म्हटलं, नको जाऊ. कारण विचारल्यावर माझ्याकडे तेच एक कारण होतं, आणि ते त्याने आधीच पुसून टाकलं होतं.

मध्ये संक्रांत आली. जयपुरातली संक्रांत म्हणजे सबंध गाव गच्चीवर. प्रत्येक घरावर भोंगे, आणि कुणाचा पतंग कापला की गल्लीभर आरोळी, वो काटा. पोरं बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळून येतात, मांजाने चिरू नये म्हणून, तरी चिरतंच. लहानपणी निनाद दर संक्रांतीला बोट कापून खाली यायचा आणि मी हळद दाबायची. उजव्या तर्जनीवर एक व्रण अजून आहे. तीच पांढरी पट्टी तो पुढे जिममध्ये मुठीला बांधायला लागला, तेव्हा मला उगीच जुनी ओळख वाटली होती.

त्या दिवशी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. इथल्या मराठी बायका कमी, त्यामुळे ज्या येतात त्या मनापासून येतात आणि लवकर जात नाहीत. तिळगूळ झाला, वाण झालं, मग मी फोनवर मूळ फिल्ममधला तो प्रसंग काढला. मला खात्री करून घ्यायची होती. सगळ्यांत मोठ्या जोशीकाकू, त्या मिरजेच्या. त्यांनी चष्मा बदलला आणि फोन कानाला लावून ऐकलं. वर भोंगा चालू होता, म्हणून आम्ही आतल्या खोलीत गेलो, दार लावलं.

"आमच्याकडचीच आहे गं ती," काकू म्हणाल्या. "तासगावकडची म्हण." मग थोडं थांबून, "हातावरून कशाला काढतेय? दृष्ट काय हाताला लागते?"

मी प्रसंग पुन्हा लावला, त्यांनी पुन्हा पाहिला.

"आणि ठसका बघ सगळ्यांना कसा लागला. लागलेली असती तर मिरच्यांचा वास आला नसता. ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच. बाहेरचं काही नव्हतंच त्याला." काकूंनी फोन परत दिला. "बंद कर बाई ते."

मंजिरी वैद्य सरकारी इस्पितळात हाडांची डॉक्टर आहे, माझी इथली सगळ्यांत जवळची मैत्रीण. ती खिडकीशी उभी होती. "माझ्याकडे येतात अशा," ती म्हणाली. "मनगट कसं मोडलंय ते बघितलं की कळतं. पायऱ्यांवरून पडले म्हणतात. मी विचारते, पुन्हा विचारते. मग त्या सांगतात तेच कागदावर लिहिते." तिने पदर सारखा केला. "तू निनादला जाऊ देऊ नकोस."

"घोडा झालाय तो. दावणीला कसा बांधू?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. वरून पुन्हा आरोळी आली. जोशीकाकूंनी हलव्याचा दाणा तोंडात टाकला आणि विषय बदलला, आणि मला त्यांचा राग आला नाही. आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. ऐकून झाल्यावर करायचं काय, ते आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं.

संक्रांत झाल्यावर निनाद गेला. सीतापुऱ्याची नोकरी सोडली. स्टेशनवर सुधीरने त्याला मिठी मारली आणि मी गजकचा डबा दिला. त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा माझा हात त्याच्या डोक्यावर गेला, आणि नेहमी तोंडात येतं ते यशस्वी हो येईना. "सांभाळून," एवढंच म्हटलं. कुणाला सांभाळून, ते मी सांगितलं नाही.

पुढचं वर्ष फोनवर गेलं. उन्हाळ्यात आंधी यायची, दारंखिडक्या लावल्या तरी गाद्यांवर वाळू साचायची, आणि वाळू झटकताना मी त्याच्या आवाजातून काही कळतं का ते बघायची. जेवतोस का? हो. दुखलंखुपलं? नाही. ती आई असते का रे तिथे? "असते ना. आत असते." घरात कोण कुठे असतं यावरून बरंच कळतं. त्याचं पान हळूहळू ओस पडलं. पावसाळ्यानंतर तो त्यावर काहीच टाकेना. चाहते विचारायचे, कहाँ हो भाई? मलाही तेच विचारायचं होतं.

आणि परवा, चौकात पतंग लागल्यावर, काही न कळवता तो आला. मान जाड झालेली, कान सुजून घट्ट झालेले, दारातून आत यायला आता त्याला जास्त जागा लागते. दोन दिवस झोपला. आज सकाळी मी बाल्कनीत उन्हाला बसून मटार सोलत होते, तो येऊन समोर बसला. काही शेंगा त्याने सोलल्या. दाणे खाल्ले नाहीत, भांड्यात टाकले.

"आई, तू बरोबर ऐकलं होतंस."

मी शेंगा सोलत राहिले. थांबले असते तर तो थांबला असता.

"गेटजवळ. आमचं वॉर्मअप चाललं होतं. भाभीजी गाडीतून उतरल्या, काहीतरी म्हणाल्या. भाईने मारलं. सगळ्यांच्या समोर, मतलब, पूरी टीमसमोर. आणि आम्ही उभे. मी पॅड पकडून उभा होतो. पॅड पण खाली नाही ठेवलं."

"म्हणून आलास?"

"नाही." त्याने सालं एका बाजूला सारली. "त्यानंतर पण राहिलो मी. बरेच दिवस. सगळे राहिले."

खाली भंगारवाला ओरडत गेला. निनादने एक रिकामी शेंग पुन्हा उघडली.

"एक मुलगा आहे तिथे, अलवरचा. नवीन आहे. प्रॅक्टिसला त्याचा हात लॉकमध्ये होता माझ्या. त्याने टॅप केलं. आई, मला कळलं होतं. इथे, पाठीवर, असं थोपटलं त्याने. आणि मी सोडलं नाही. का ते माहीत नाही. थोडंसंच. मग आवाज आला त्याच्या खांद्यातून." तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "भाई तिकडून म्हणाला, शाबाश. त्या रात्रीच सामान भरलं मी."

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याची भीतीही वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटतं, हे मी आज पहिल्यांदा अनुभवलं. त्या तासगावकडच्या बाईला हे रोज वाटत असणार. मी विचारलं, तो मुलगा कसा आहे? ऑपरेशन झालं, तो म्हणाला, त्या मुलाच्या आईचा फोन येतोय, मी उचलत नाही. उचल, मी म्हटलं. आजच उचल. त्याने मान हलवली.

मग म्हणाला, "तुला येतं ना ते? मीठमोहरीवालं?"

इतक्या वर्षांत त्याने कधी दृष्ट काढू दिली नव्हती. त्याला हसू यायचं. मी पाट मांडला. डब्यातून मीठ घेतलं, मोहरी घेतली, सुक्या मिरच्या घेतल्या. सुधीर वर्तमानपत्र खाली ठेवून दारात येऊन उभा राहिला आणि पहिल्यांदाच शक्यतांबद्दल काही बोलला नाही. मी मूठ डोक्याशी नेली, तर निनादने मान मागे घेतली आणि दोन्ही हात पुढे केले, पालथे.

"सर से नहीं, आई. इथून."

तर्जनीवर तो मांजाचा व्रण होता. मी मूठ फिरवायला लागले. आल्यागेल्याची, वाटेवरच्याची, इथपर्यंत आले आणि पुढचं सुचेना. मग जी बोली मी बँकेच्या पायरीवर ठेवून आले होते ती आपोआप आली. ह्या हातातलं जाऊ दे रं देवा. मी हळू बोलले नाही. ह्या खेपेला अर्थ काय, ते त्याने विचारलं नाही.

मिरच्या गॅसवर टाकल्या. तडतडल्या, काळ्या झाल्या, आणि आम्ही तिघंही खोकत सुटलो. सुधीरने खिडक्या उघडल्या, डोळे पुसले. खोकता खोकता निनादने विचारलं, "गेली ना? मतलब, ठसका लागला म्हणजे गेली?"

काहीही सांगता आलं असतं. त्याला माहीत नव्हतं.

"ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच," मी म्हटलं. "बाहेरचं काही नव्हतं."

मग काय होतं, असं त्याने विचारलं नाही. हात मात्र त्याने अजून पुढेच धरले होते.